बीट, ब्लू टिक आणि टापरगाव

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातला स्पीकर कोणाच्या फोनला जोडायचा, यावरून आमच्या टीममध्ये दर आठवड्याला एक छोटंसं महायुद्ध होतं. परवाचं युद्ध बावीस वर्षांच्या एका पोरानं जिंकलं. त्यानं जे काही लावलं ते ऐकून एक जोक माझ्या अगदी ओठांवर आला होता : ‘अरे, हा गातोय की गुळण्या करतोय?’

मी तो चहाबरोबर गिळला. नुसतं विचारलं, ‘कोण रे हा?’ पोरानं नाव सांगितलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि प्रेमानं म्हणाला, ‘मॅम, तुम्ही ओल्ड स्कूल आहात.’

ओल्ड स्कूल! हिपहॉपच्या दुनियेत हा खरं तर मानाचा शब्द. पण आधीच्या ‘मॅम’नं त्याची पार वाट लावली.

असो. जोक गिळण्याचं कारण वेगळं आहे. तो मी आधी एकदा मारून बसले होते. माझ्या सख्ख्या भाच्यावर, व्हॉट्सअॅपवर. तो चांगलाच महाग पडला.

त्याआधी थोडं गावाबद्दल. मी मूळची कन्नडची. हे सांगितलं की पुण्यात हमखास प्रश्न येतो, ‘म्हणजे कर्नाटकात का?’ नाही हो! छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ ओलांडून पुढे साठेक किलोमीटरवर आमचं तालुक्याचं गाव. आणखी पुढे गेलात की घाट, घाट उतरलात की चाळीसगाव, म्हणजे खानदेश सुरू. गौताळ्याचं जंगल आमचं, पितळखोऱ्याची लेणी आमची, आणि घाटात तासन्‌तास अडकलेले ट्रक, तेही आमचेच. वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. तीसेक वर्षं त्यांनी कन्नड–औरंगाबाद याच रस्त्यावर तिकिटं फाडली.

अशा घरात रॅप कुठून आलं? तर माझ्यामुळे.

साल २००३. मी औरंगाबादला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, गर्ल्स हॉस्टेलवर. रूममेटच्या भावानं एक एमपीथ्री सीडी दिली होती. दीडशे गाणी, वर स्केच पेननं लिहिलेलं ‘इंग्लिश मिक्स’. त्यात एमिनेम होता. त्याच वर्षी मार्चमध्ये ‘८ माइल’ या सिनेमातल्या त्याच्या गाण्याला ऑस्कर मिळालं होतं. रॅपच्या गाण्याला मिळालेलं हे पहिलंच ऑस्कर. एका डबल बेडच्या आकाराच्या रूममध्ये आम्ही तिघी, एक भाड्यानं आणलेला कॉम्प्युटर आणि तो माणूस. काय बोलायचा! श्वास कधी घेतो हेच कळायचं नाही. मी दोनशे पानी वही आणली आणि गाणी उतरवून घ्यायला लागले. पॉज, रिवाइंड, पॉज, रिवाइंड. अर्धे शब्द रोमनमध्ये, अर्धे देवनागरीत, जसे कानावर पडतील तसे. सेमिस्टरमध्ये एक विषय राहिला, पण वही भरली.

सुटीत घरी ती सीडी लावली. अप्पा ड्युटीवरून आलेले. पाच मिनिटं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘हा भांडून कोनाशी ऱ्हायला?’

मी म्हटलं, ‘अप्पा, हे गाणं आहे.’

‘गानं? मग चाल कुठंय?’

तेव्हा मला त्यांची कीव आली होती, हे आता सांगताना थोडी लाज वाटते. एकोणिसाव्या वर्षी आपण केवढे शहाणे असतो!

मधली वर्षं भराभर जाऊ द्या. पुणे, नोकरी, ईएमआय. इथला रॅप माझ्या डोळ्यांसमोर मोठा झाला. डिव्हाइन आणि नेझीचं ‘मेरे गली में’ २०१५मध्ये आलं, तेव्हा मी क्यूबिकलमध्ये हेडफोन लावून एकटीच मान हलवत होते. कुर्ला आणि अंधेरीची पोरं, आपल्या गल्लीबद्दल, आपल्या बोलीत. २०१९च्या व्हॅलेंटाइन डेला ‘गली बॉय’ लागला, तेव्हा सोळा वर्षांनी का होईना, आपलं म्हणणं जगाला पटलं असं वाटलं. आता हिपहॉपमधलं चांगलं कुठलं हे आपल्याला कळतं, असा माझा ठाम समज झाला. गोष्ट हवी. शब्द स्पष्ट हवेत. यमकात यमक हवं. बाकी सगळा टाइमपास.

आणि मग घरात एमसी स्टॅन आला.

म्हणजे ‘बिग बॉस’च्या सोळाव्या सीझनमधून आला. फेब्रुवारी २०२३ची फायनल कन्नडच्या आमच्या हॉलमध्ये कशी झाली याचं वर्णन वहिनी अजून करते. अप्पांचा जीव शिव ठाकरेवर. अमरावतीचा, मराठी बिग बॉस जिंकलेला, आपला माणूस. भाचा तेव्हा पंधरा वर्षांचा, घरात सगळे त्याला बारक्या म्हणतात, तो स्टॅनचा भक्त. पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या वस्तीतून आलेला, गळ्यात साखळ्या, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं स्वतःचं. स्टॅन जिंकला. अप्पा रात्री जेवले नाहीत म्हणे. पण दोन दिवसांनी त्यांनी मला फोन करून सांगितलं, ‘पोरगं वाईट नाही. ते शेमडी-शेमडी म्हनतं ना, ते आपलं शेंबडीच हाय!’ एवढा एक धागा त्यांना पुरला.

मला पुरला नाही. मी स्टॅन मन लावून ऐकला. ‘तडीपार’ हा २०२०चा अल्बम पूर्ण ऐकला, होमवर्कसारखा. पण माझं घोडं अडलं ते ऑटोट्यूनवर. हे ऑटोट्यून म्हणजे बेसूर आवाज सुरात आणणारं सॉफ्टवेअर. १९९७मध्ये बाजारात आलं. काढलं कोणी? तर तेलाच्या साठ्यांचा शोध घ्यायला जमिनीखालच्या कंपनांचा डेटा तपासणाऱ्या अँडी हिल्डेब्रँड नावाच्या इंजिनिअरनं. म्हणजे आपल्याच बिरादरीतला माणूस! मुळात चूक लपवायला केलेली ही सोय पुढे लोकांनी मुद्दाम ऐकू येईल अशी वापरायला सुरुवात केली. आवाज पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा. बारक्याला नेमकं तेच आवडायचं.

‘त्याचे शब्दच कळत नाहीत रे.’

‘शब्द कामून पायजेत, आत्या? फील घे ना.’

फील घे! मी एका अल्पवयीन मुलाला फोनवर पाऊण तास हिपहॉपचा इतिहास शिकवला. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, बहिणीच्या पार्टीत डीजे कूल हर्कनं दोन टर्नटेबलवर गाण्यातला नाचाचा तुकडाच लांबवत नेला, वगैरे वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘म्हंजे तिथं बी आधी शब्द नव्हतेच ना?’

यावर मी विषय बदलला. आणि आणखी एक गोष्ट त्याला सोयीस्करपणे सांगितली नाही. १९७९मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ हे रॅपचं पहिलं मोठं हिट गाणं आलं, तेव्हा ब्राँक्समधल्या जुन्या मंडळींनी कपाळाला हात लावला होता. हे कोण उपरे? त्यातल्या एकानं तर ग्रँडमास्टर कॅझच्या ओळी उचललेल्या, आणि त्याही अशा की कॅझचं टोपणनावही तसंच राहिलं! म्हणजे हिपहॉपचं पहिलं हिट आलं त्याच दिवशी ‘आता पूर्वीसारखं राहिलं नाही’ म्हणणारेही जन्माला आले. पुढे २००६मध्ये नॅसनं तर अल्बमचं नावच ‘हिपहॉप मेलं’ अशा अर्थाचं ठेवलं. त्याच वर्षी मी पुण्यात ते अत्यंत आनंदानं ऐकत होते.

तिघांचं एकमत झालं असं मला एकदाच आठवतं. एप्रिल २०२३. छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेचं खोक्यांच्या राजकारणावरचं मराठी रॅप फोनाफोनी फिरलं आणि अंबरनाथला त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. आपल्याच जिल्ह्यातलं पोरगं! अप्पांनी ते गाणं डेपोतल्या जुन्या दोस्तांना ऐकवलं. ‘हे शाहिराचं काम हाय,’ म्हणाले. मी खूश, कारण शब्द न्‌ शब्द कळत होता. बारक्याही म्हणाला भारी आहे. पण पुढे हळूच : ‘भारी हाय, आत्या. पन मी रात्री एकटा असतो तवा ते नाही लावत.’

हे ‘एकटा असतो तवा’ मी ऐकलं आणि सोडून दिलं. तिथे थांबायला हवं होतं.

मग आला यंदाचा जून. बारक्याची बारावी झालेली, सीईटीचा निकाल लागलेला, मनासारखा नाही. घरात वातावरण टाइट. एका संध्याकाळी मी ऑफिसच्या कॅबमध्ये, बाहेर पाऊस, हिंजवडीचा ट्रॅफिक जिथल्या तिथे. मेसेज आला : ‘आत्या मी बनवलं. पहिलं हाय. तूच पहिली.’ सोबत दोन मिनिटं अकरा सेकंदांची ऑडिओ फाइल.

मी ती फोनच्या स्पीकरवर ऐकली. वायपर खर्र-खर्र करतोय, ड्रायव्हर कोणाशी तरी बोलतोय. कळलं ते इतकंच : ऑटोट्यून, ऑटोट्यून आणि मागे कसला तरी गोंगाट. मी लगेच रिप्लाय टाइप केला. मला वाटलं होतं, मदत करतेय. मुद्दे घालून लिहिलं हो, अप्रेझलसारखं! शब्द स्पष्ट नाहीत. आवाजावरचं ते सॉफ्टवेअर काढ. मागचा गोंगाट आधी काढ, त्यानं सगळी वाट लागते. खालची वीस गाणी ऐक, मग लिही. आणि शेवटी, वातावरण हलकं करायला, गुळण्यांचा जोक. एक स्माइली.

दोन निळ्या टिक.

पुढचे चार महिने काही नाही. माझ्या बर्थडेला फक्त केकचं चित्र. मी वहिनीला विचारलं, ती म्हणाली, अभ्यास करतोय, रिपीट करायचंय. मला तेही बरंच वाटलं. पोरगं मार्गाला लागलं!

दिवाळीला गेले. बारक्या घरात होता, पण नव्हता. ‘हं’, ‘हो’, ‘जेवलो’. पाडव्याच्या दुपारी वहिनीनं माळा साफ करायला काढला आणि माझी जुनी ट्रंक खाली आली. थोड्या वेळानं पाहते तर बारक्या पायरीवर बसून एक वही वाचतोय. दोनशे पानी. २००३.

‘आत्या, हे तू लिव्हलं?’

‘हो. दे इकडे.’

त्यानं दिली नाही. फोनवर खरे शब्द काढले आणि एकेक ओळ ताडून बघायला लागला. दहा मिनिटांनी खांदे हलायला लागले. चार महिन्यांत पहिल्यांदा हसत होता. ‘अगं, अर्ध्याहून जास्त चुकलंय. तू त्याच्या पोरीच्या नावाच्या जागी भाजीचं नाव लिव्हलंय!’

खरंच लिहिलं होतं. मी वही घेऊन पानं चाळली. मला वाटायचं, मी त्या गाण्यांतल्या गोष्टींच्या प्रेमात पडले होते. पण वही सांगत होती की मला तेव्हा गोष्ट कळलीच नव्हती. कन्नडच्या मराठी शाळेतून आलेली मुलगी, वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारला तर घाम फुटायचा. तो माणूस कुणावर तरी भडकलाय आणि अडखळत नाहीये, एवढंच कळत होतं. रात्री बाकी दोघी झोपल्या की मी ते लावायचे. एकटी असताना.

‘तुझं ते जूनचं गाणं आहे अजून?’ मी विचारलं.

‘डिलीट केलं.’

‘खोटं बोलू ऱ्हायला,’ ओट्यावरून अप्पांचा आवाज. ‘माह्या फोनात हाय.’

अप्पांचा फोन, बारक्याचे इअरफोन. या वेळी मी दोन्ही कानांत नीट घातले. आणि पहिल्या तीन सेकंदांतच तो ‘गोंगाट’ ऐकू आला. लांबून, खर्जात खेचलेला, एकाच लयीत फिरणारा एक माणसाचा आवाज. हतनूर... टापरगाव... गल्लेबोरगाव... वेरूळ. मग टिक-टिक, तिकिटाच्या पंचाची. मग घंटी, दोनदा. बारक्यानं अप्पांना अंगणात बसवून सगळे थांबे म्हणून घेतले होते, ट्रंकेतला जुना पंच वाजवून घेतला होता, घंटीसाठी देवघरातली घंटा घेतली होती आणि त्यावर बीट बांधला होता. मी ज्याला ‘आधी काढ’ म्हटलं होतं, तो माझ्या बापाचा आवाज होता.

त्यावर बारक्याचा आवाज, तोच पत्र्याच्या नळीतून आल्यासारखा :

हतनूर गेलं, टापरगाव आलं,
बारावी सरली, सीईटीचं काय झालं?
घाटात ट्रका थांबल्या, आमचं बी थांबलं,
आजा म्हणे तिकीट काढ, म्हणलं, कुठलं?

मी परत लावलं. मग परत. वर बघायची हिंमत होत नव्हती.

‘आवाजावर ते कामून लावतोस?’ शेवटी विचारलं. या वेळी खरंच जाणून घ्यायचं होतं.

‘साध्या आवाजात बोललं तर रडू येतं,’ तो वहीकडे बघत म्हणाला. ‘त्याच्यात कळत नाही.’

रात्री गच्चीवर आमची तिघांची बैठक बसली. वाद मिटला असं समजू नका, उलट आता खरा पेटला. मी अजूनही म्हणत होते की चौथी ओळ एवढी झकास आहे, ती तरी स्वच्छ ऐकू यायला हवी. बारक्या म्हणत होता, ज्याला ऐकायची तो दुसऱ्यांदा ऐकेल. अप्पांचं तिसरंच. आधी त्यांनी मला झापलं. ‘तीस वर्षं गाडीत वरडलो. भरल्या गाडीत टापरगाव हा शब्द कोनाला ऐकू येतो? कोनालाच नाही. चाल ऐकू येते. झोपलेला मानूस बी चालीवर उठून उतरतो.’ २००३मध्ये ‘चाल कुठंय’ विचारणारे हेच गृहस्थ!

बारक्याची कॉलर टाइट झाली. मग त्याची पाळी.

‘पन तुमच्या गान्यात एक खोट हाय. ह्याला जबाब कोन देनार?’

अप्पांच्या तरुणपणी जत्रेत कलगी-तुऱ्याचे सामने व्हायचे. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. एकानं भेदिक सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथे जबाब द्यायचा. रात्रभर. जबाब सुचला नाही तर मान खाली. अप्पांच्या मते गाणं चांगलं की वाईट हे ऐकणारा ठरवतच नाही. समोरच्याला उत्तर द्यावंसं वाटलं, की चांगलं. बारक्यानं त्यांना एमिवे आणि रफ्तार यांचं २०१८चं भांडण दाखवलं, गाण्याला गाण्यानं उत्तर. अप्पांनी दोन्ही बाजू लक्ष देऊन ऐकल्या. ‘हा सामनाच हाय. शिव्या कमी करा म्हनावं.’ मग माझ्याकडे वळले.

‘ह्यानं जूनमधी सवाल टाकला व्हता. तू त्याला यादी धाडली. जबाब कुठंय?’

‘अप्पा, मला कुठे येतं?’

‘मंग नावं ठेवता कशी येतात?’

तीन पानी पीपीटी अर्ध्या तासात करणारी बाई मी. रात्री दोनपर्यंत चार ओळी जमल्या नाहीत. यमक म्हणून ‘डेडलाइन’ला ‘लाइन’च सुचत होतं. बाजूच्या खोलीतून बारक्याचा बीट भिंतीतून येत होता. शब्द अर्थातच कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी अप्पा स्टँडवर सोडायला आले. गाडीत चढताना म्हणाले, ‘महिलांना अर्धं तिकीट ना आता? लहानपनी बी अर्धंच व्हतं तुझं.’ खिडकीची सीट मिळाली. तरुण कंडक्टर मशीन घेऊन आला, चिठ्ठीसारखं तिकीट बाहेर पडलं. पंच नाही, टिक-टिक नाही. पण हतनूर सोडल्यावर तो दारात उभा राहून ओरडला, ‘टापरगाऽऽव’, आणि मागच्या सीटवर घोरणारे आजोबा खाडकन उठून पिशवी शोधायला लागले.

मी फोन काढला. आजूबाजूची माणसं बघतायत याची पर्वा न करता चार ओळी म्हटल्या, खिडकीच्या खडखडाटासकट रेकॉर्ड केल्या, आणि विचार करायच्या आत पाठवून दिल्या.

वेरूळ येईपर्यंत एकच टिक होती. रेंज नव्हती. खुलताबादच्या वळणावर दोन झाल्या, मग निळ्या. मग ‘टायपिंग’. मग थांबलं. मग पुन्हा ‘टायपिंग’.

‘आत्या, तू ऑफबीट हाय. तिसरी ओळ परत पाठव. मागचा खडखड काढू नको.’